माह्याच जीपमध्ये मी आडवा

वर्ध्यावरून सकाळी जीप घेऊन निघालो तेव्हा मी बसलेला होतो. परत आलो तेव्हा आडवा होतो. मधात जे झालं ते सांगतो. पहिलीतच शाळेनं मले सोडलं, म्हणून मी बोलून राह्यलो अन् पुतणी लिहून राह्यली. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकी साऱ्या चुका माह्या.

मी शेषराव. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्याची जीप अठरा वर्षं चालवली. जिते नेले, मेलेले नेले, बाळंतिणी नेल्या, एकदा तं एका मोठ्या डॉक्टरसाहेबाच्या लग्नाची भांडीही नेली. पण मी स्वतः दवाखान्याले इतका भेतो (घाबरतो) का अठरा वर्षांत एक सुई टोचून नाई घेतली. धनुर्वाताचं इंजेक्शन द्याले सिस्टर मागं लागल्या का मी जीपखाली घुसो अन् म्हणो, "ऑइल गळून राह्यलं." दरवर्षी ड्रायव्हरायची तपासणी होय. भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचता येत नाई, म्हणून मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ केलता. एका वर्षी तक्ता बदलला अन् मी जुनाच म्हणून दाखवला.

भेव सुईचं कमी, किल्लीचं जास्त होतं. आमच्यातला पुंडलिक ड्रायव्हर, माह्यापेक्षा भारी हात. त्याच्या छातीत काही निघालं अन् त्याच दिवशी त्याच्या हातातली किल्ली काढली. तवापासून तो फाटकापाशी स्टुलावर बसते अन् येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून सांगते, "याचा क्लच गेला." तो दिसला का मी मान वळवून गाडी पुढं काढो. म्हणून छातीत काही झालं तं मी त्याले एकच नाव ठेवलं होतं, गॅस.

त्या दिवशी निघताना घरची म्हणे, "परवा नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढता चढता बसले तुमी. छाती चोळून राह्यलते. दाखवून द्या नं आज, दवाखान्यातच तं जाता."

"गॅस होय. कालच्या पाटवडीचा."

"काल पाटवडी कोणी केलती?"

मी चप्पल घातली अन् पळालो.

वर्ध्याले गेलो तं जीपमध्ये खोके भरून तयार. एक कॉम्प्युटर, एक कॅमेरा अन् छातीचा आलेख काढणारी एक पेटी. हे सारं समुद्रपूरच्या पुढे, गिरडकडच्या जंगलाच्या अंगाले मोहझरी म्हणून गाव हाय, तिथल्या सरकारी दवाखान्यात न्याचं होतं. छतावर डिशची मोठी छत्री आधीच बसवून झालती. तिथं एक शिकाऊ डॉक्टर मॅडम एकटीच होती. तिच्यापुढं अडलेला पेशंट आला तं वर्ध्यात बसलेले मोठे डॉक्टर पडद्यावर त्याले पाहतीन अन् तिले तिथल्या तिथं सांगतीन, असा तो बेत. तेव्हा मोबाईलसुद्धा हिंगणघाट सोडलं का मुका होय. पडद्यात डॉक्टर बोलन हे ऐकून मले वाटलं, आता मेल्यावरही सुट्टी नाई.

संगं इंजिनेर होता, प्रशांत नावाचा, नागपूरचा. अंगानं पऱ्हाटी (कपाशीचं झाड). कॉम्प्युटरचा खोका मांडीवर घेऊन बसला, जसं लेकरू लसीले नेऊन राह्यला.

"शेषाभाऊ, गड्ढे सांभाळून," तो म्हणे. "मशीन नाजूक आहे."

"ड्रायव्हर नाजूक नसते काय?" मी म्हणलं. तेव्हा हसलो. आता नाई हसत.

वायगाव गेलं, हिंगणघाट गेलं. कापूस फुटाचे दिवस. दोन्हीकडचे वावरं असे पांढरे, का वाटे कोणी गादी फोडून फेकली. ऊन नरम होतं, गाडी गोड चालून राह्यलती. जामले चौकात थांबलो. जामले थांबल्याशिवाय माही गाडीच पुढं जात नाई, तिले सवय. तर्री-पोहे घेतले. तर्री म्हणजे लाल तेलाचा झणझणीत रस्सा. पोह्यावर ओतला का पोहे दिसत नाई अन् खाल्ला का दुनिया दिसत नाई. मी दोन प्लेटा खाल्ल्या. प्रशांतनं अर्धी खाल्ली अन् नाक पुसत बसला.

गाडीत बसलो, किल्ली फिरवली अन् तेवढ्यात छातीच्या मधोमध कोणीतरी जॅक लावला. जॅक कसा लावते, हळूहळू, एक एक पेच, तसा. डावा हात खांद्यापासून मुका झाला. मानेवरून घामाची धार सुटली. मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं अन् समोर पाहत राह्यलो.

"काय झालं?" प्रशांत म्हणे.

"तर्री तेज होती."

"घाम किती आला तुम्हाला!"

"तेच सांगून राह्यलो, तेज होती."

जाम ते समुद्रपूर काही लांब नाई, पण त्या दिवशी मले तो रस्ता हैदराबादपर्यंत गेल्यासारखा वाटला. दर मैलाच्या दगडापाशी मी मनात म्हणो, पुढच्या दगडापाशी जाईन दुखणं. ते उतरलं नाई, संगंच आलं. समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर सोडावाल्यापाशी गाडी लावली. ओळखीचा बुढा.

"का बे शेष्या, चेहरा काऊन चुन्यासारखा झाला तुहा?"

"गोरा होऊन राह्यलो म्हातारपणी. सोडा दे, लिंबू पिळून."

सोडा पिलो, मोठी ढेकर देली, अन् जॅक जरासा खाली आला. मी खुश. म्हणलं, पाह्य, गॅसच होता. लोक देवाले मानते, मी ढेकरीले मानत होतो.

समुद्रपूरच्या पुढं रस्ता अरुंद होते. बाभळी दोन्हीकडून आत डोकावते. मोहझरीच्या शिवारात आलो तं बाया डोक्यावर गाडगे घेऊन रस्त्यानं चाललेल्या, मागून गडी माणसं, म्हातारे, लेकरं, सारं गाव. मी हॉर्न वाजवला.

"अवो माय, कुठं चालले सारे? गाव खाली केलं का?"

एक बाई म्हणे, "सीतादही हाय बापू. पाटलाच्या वावरात पहिला कापूस निघून राह्यला. दहीभात खाऊन जा."

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी असली का वावरात पूजा मांडते, दहीभाताचा निवद दाखवते, वावरात दही शिंपडते, अन् मंगच कापसाले हात लावते. त्या दिवशी कोणाले कितीही दुखो, गावात थांबत नाई. मले दहीभात खाव वाटला, पण खाली उतरून पुन्हा वर चढाची हिंमत नव्हती. "येतो परत जाताना," म्हणलं.

मोहझरीचा दवाखाना म्हणजे तीन खोल्या, एक कडुनिंब अन् एक हँडपंप. दारात मेश्राम सिस्टर उभ्या. मागं वर्ध्यातच होत्या, मले चांगल्या ओळखे.

"जयभीम सिस्टर."

"जयभीम शेषाभाऊ. सुई घ्याले आले का?"

"जीपखाली जागा ठेवून आलो."

आतून डॉक्टर मॅडम आल्या. स्वाती नाव, साताऱ्याकडच्या. वयानं माह्या पुतणीएवढ्या. डोळ्याखाली काळं झालतं. सिस्टर हळूच म्हणे, "मागच्या आठवड्यात एक बाई बाळंतपणात गुंतली, रस्त्यातच गेली असती, थोडक्यात वाचली. तवापासून पोरगी धड जेवत नाई. आजही इथली गाडी एका बाळंतिणीले घेऊन हिंगणघाटले गेली."

प्रशांतनं तारा जोडल्या. पडदा पहिले निळा झाला, मंग काळा, मंग त्यात वर्ध्याचे मोठे डॉक्टर दिसले. पांढरे केस, चष्मा, हातात चहाचा कप. अठरा वर्षं मी त्याईले जीपमध्ये बसवलं, पण टीव्हीत पाहून मी हात जोडून उभा राह्यलो.

"शेषराव, खाली बसा, मी देव नाही," ते पडद्यातून म्हणे. "स्वाती, पेशंट घे एखादा. आलेख नीट येतो का पाहू."

पण पेशंट कुठून आणाव? सारं गाव पाटलाच्या वावरात दही शिंपडून राह्यलं. ओसरीत एक कुत्रं होतं, तेही निघून गेलं.

सिस्टर म्हणे, "हा हाय नं आमचा नाटक्या. झोपवा याले."

मी म्हणलं, "मले नको, मी... गाडी गरम हाय." तोंडातून हेच निघालं. पुंडलिकचा स्टूल डोळ्यापुढं आला. मंग इचार केला, नाई म्हणलं तं शंका येईन. त्यापेक्षा नाटक करू. नाटकात कोण खरं धरते?

मॅडम म्हणे, "काका, छातीत दुखतंय असं समजा आणि झोपा."

समजाचं काम नव्हतं. मी टेबलावर पडलो अन् जे होऊन राह्यलतं तेच मोठ्यानं करून दाखवलं. छातीवर मूठ ठेवली, "आई वो, मेलो वो" म्हणलं, डोळे फिरवले. सिस्टर पदर तोंडाले लावून हसे. प्रशांत हसे. पडद्यातले डॉक्टरही हसे.

"कधीपासून दुखतंय?" मॅडमनं कागद घेऊन विचारलं.

"जामपासून."

सारे अजूनच हसले. मी काय गंमत नव्हती केली. मले घड्याळ समजत नाई, मी वेळ गावानं मोजतो. लग्न आर्वीच्या ट्रिपनंतर झालं, बाप सेलूच्या पलीकडे असताना गेला. छाती जामपासून दुखत होती. जिंदगीत पहिल्यांदा डॉक्टरले खरं सांगितलं अन् तेच साऱ्यात मोठं हसू झालं.

"किल्ली द्या काका. अंगावर लोखंड नको."

अठरा वर्षांत ती किल्ली मी दुसऱ्याच्या हातात देली नव्हती. सिस्टरनं मूठ उघडून काढून घेतली. हातापायाले चिमटे लावले, छातीवर गार लोणी चोपडलं, त्यावर रबराचे गोळे चिकटवले. केसामुळं एक गोळा राहेच नाई, तं सिस्टरनं वस्तऱ्यानं तेवढीच जागा भादरली. पेटी कुरकुर करून कागद ओकाले लागली. तोच आलेख तिकडे पडद्यावर गेला.

मोठ्या डॉक्टरचा कप अर्ध्यात थांबला.

"स्वाती, तारा उलट्या लागल्या का? हाताच्या अदलाबदल झाल्या असतील. पहा."

मॅडमनं पाह्यल्या. "नाही सर. बरोबर आहेत."

"पुन्हा काढ."

पुन्हा काढला. त्याईनं कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, घातला. कोणी हसत नव्हतं. मी तसाच "मेलो वो" म्हणत होतो, मंग पाह्यलं का माहा एकट्याचाच आवाज येऊन राह्यला, म्हणून गप्प झालो.

मॅडम माह्या डोक्यापाशी वाकल्या. अगदी हळू म्हणे, "काका, आता नाटक नको. खरं दुखतंय?"

सिस्टरच्या हातात माही किल्ली होती. मी तिच्याकडे पाह्यलं, मंग पोरीकडे. तिच्या डोळ्यात माह्यापेक्षा जास्त भेव होतं.

"खरं," म्हणलं. "परवा घाटावर झालं होतं थोडंसं. आज जामपासून थांबलं नाई."

"जाम सोडून किती वेळ झाला?" तिनं प्रशांतले विचारलं.

"सोडा पिऊन, तारा जोडून... दीड तास झाला असेल."

"सर," मॅडम पडद्याकडे वळल्या, "दीड तास. अॅस्पिरिन चावायला देते. जिभेखालची गोळी देऊ का?"

मोठ्या डॉक्टरनं तोंड उघडलं अन् पडद्यात तसेच थांबले. तोंड उघडं, बोट वर. आवाज नाई. प्रशांत तारेकडे धावला. "लाइन गेली! लाइन गेली!"

सांगतो तुमाले, मी मेलेले लय पाह्यले. पण तो पडद्यातला उघड्या तोंडाचा माणूस अन् त्याच्याकडे पाहत उभी राह्यलेली ती पोरगी, हे पाहून मले जे भेव वाटलं ते कधी वाटलं नाई. अॅस्पिरिन तिनं मले चावाले देलती; आता तिच्या हातात ती जिभेखालची गोळी होती, बारीक, तांदळाएवढी. मले वाटलं, दे नं माय, देऊन टाक, जे होईन ते होऊ दे. पण ती स्वतःशीच पुटपुटली, "आधी बीपी. आधी बीपी." गोळी बशीत ठेवली अन् माह्या दंडाले पट्टा गुंडाळला. फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला.

"कमी आहे," म्हणे. "फार कमी. ही गोळी दिली तर अजून खाली जाईल." अन् ती गोळी तिनं दूर, पार खिडकीत नेऊन ठेवली, चुकून हात जाईन म्हणून. "सिस्टर, सलाइन लावा."

सुई! मी अर्धा उठलो. सिस्टरनं खांदे दाबले. "जीपखाली पळता का आता?" म्हणे, पण डोळे ओले होते त्याईचे. टोचली. अठरा वर्षं जिच्यापासून पळालो ते इतकंसं मुंगीएवढं निघालं. मले स्वतःचीच लाज वाटली.

थोड्या वेळानं कॉम्प्युटरातून खरखर आली. चित्र नाई, नुसता आवाज. "स्वाती? ऐकू येतंय? जिभेखालची गोळी दिलीस का?"

"नाही सर. बीपी कमी होतं. अॅस्पिरिन दिली. सलाइन चालू आहे."

मॅडमनं टेबलाची कड धरली.

"बरोबर केलंस," आवाज आला. "अगदी बरोबर. आता गाडीत घाल आणि थेट इथं ये. आम्ही तयार राहतो. पाय उंच ठेव. नाडी मोजत राहा, याची नाडी मंदावू शकते. अॅट्रोपिनची सुई भरून हाताशी ठेव. आणि त्याला बोलतं ठेव."

बोलतं ठेवाचं काम माह्या बाबतीत कोणी कोणाले सांगाची पाळी पहिल्यांदाच आलती.

पण गाडी कोण चालवन? ड्रायव्हर तं मी. सिस्टरले येत नाई. सारे प्रशांतकडे पाहाले लागले. तो म्हणे, "मी माझ्या काकांची गाडी चालवतो कधी कधी. कॉलनीत." सिस्टरनं त्याच्या हातावर माही किल्ली ठेवली. ते पाहून छातीत जे दुखलं ते आलेखात नसन आलं.

सिस्टर दवाखाना सांभाळाले राह्यल्या. मले मागच्या दोन बाकांच्या मधात गादीवर झोपवलं, पायाखाली कॉम्प्युटरचे रिकामे खोके. सलाइनची बाटली वरच्या कडीले. ती कडी मीच बसवलती, दुसऱ्यांसाठी.

प्रशांतनं गाडी सुरू केली अन् दुसऱ्या गिअरमध्ये टाकून तशीच रडवली.

"साहेब, तिसरा टाका!" मी खालून ओरडलो. "तिसरा!"

"काका, तुम्ही ओरडू नका," मॅडम म्हणे.

"मी नाई, गाडी ओरडून राह्यली!"

ज्या रस्त्यानं हजारदा गेलो तो रस्ता त्या दिवशी मी पहिल्यांदा खालून पाह्यला. वावर दिसे नाई, कापूस दिसे नाई. नुसते बाभळीचे शेंडे, विजेच्या तारा अन् आभाळ. दूरून बायांचे गाणे आले अन् मागं गेले. दहीभात राह्यला, मी मनात म्हणलं. मंग मनात आलं, कायमचाच राह्यला का काय? अन् मले थंडी वाजाले लागली.

मॅडमनं माहं मनगट धरून ठेवलं होतं. "काका, कुठं आलो?"

मले काही दिसत नव्हतं, पण गाडी डावीकडून दोनदा आदळली. "मोहझरीचा नाला."

जराशानं, "आता कुठं?"

गर्दीचा आवाज, एसटीचं घरघर, भज्याच्या तेलाचा वास. "समुद्रपूर. सोडावाला डाव्या हाताले."

"आता?"

चाक गुळगुळीत चालाले लागलं, बाजूनं ट्रकचे भोंगे. "जाम. मोठा रस्ता लागला. थांबाचं का? तर्री..."

ती हसली. पहिल्यांदा हसली. अन् तिथंच माही अक्कल गेली. जोकराले एक हसू भेटलं का त्याले दुसरं पाह्यजे असते. हिंगणघाटच्या अलीकडं तिनं पुन्हा विचारलं, "काका, कुठं आलो?" मी उत्तरच देलं नाई. मान एका बाजूले टाकली, जीभ बाहेर काढली.

"काका? काका! प्रशांत, गाडी थांबव!"

कचकन ब्रेक लागला. तिनं दोन्ही हात माह्या छातीवर ठेवले, दाबणारच, तेवढ्यात मी डोळे उघडून म्हणलं, "भ्वाऽऽ!"

ती हसली नाई. मागं बाकावर बसली अन् दोन्ही हातांनी तोंड झाकून रडाले लागली, जशी शाळेतली पोरगी रडते. प्रशांत मान वळवून माह्याकडे असा पाहे, का किल्ली फेकून मारन.

"माझ्या हातून अजून एकही पेशंट गेला नाही, काका," ती म्हणे. "पहिले तुम्ही होऊ नका."

मी लय लोकायले हसवलं आजवर. कोणाले असं रडवलं नव्हतं. "चुकलं माय," म्हणलं. "नाई करत आता. गाडी चालू द्या."

हिंगणघाटची गर्दी गेली. वणा नदीच्या पुलावर चाकाचा आवाज पोकळ होते, तो ऐकून मी न विचारताच सांगितलं, "पूल." चांगल्या पोरासारखा. तिनं डोळे पुसले, मनगट पुन्हा धरलं.

मंग वायगाव आलं. मले माहीत होतं वायगाव आलं. तिथल्या वळणावर गाडी कशी झुकते ते माह्या हाडाले माहीत. तिनं विचारलं, "काका, कुठं आलो?" मी म्हणलं, वायगाव. पण आवाज निघालाच नाई. पुन्हा म्हणलं. जीभ हाललीच नाई. वरची बाटली दूर गेली, लहान झाली, विहिरीच्या तोंडासारखी. मी त्या विहिरीच्या तळाशी. तिचा आवाज वरून येऊन राह्यलता, "काका, पुन्हा नको हं. काका."

तिले वाटन मी नाटक करून राह्यलो. हेच एक माह्या डोक्यात फिरे. आता हिनं चापट मारून सोडून देलं तं संपलं. अठरा वर्षं खोटं बोललो, तेच माहं जहर होऊन बसलं. ओरडाव वाटे, माय, हे खरं होय. ओरडाले तोंडच नव्हतं.

पुढचं मले धड आठवत नाई. नळीवर काहीतरी टोचलेलं, "प्रशांत, थांबू नको, पळव!" असा आवाज, अन् गाडी चौथ्यात पडल्याचा तो गोड खटका. तेवढा बरोबर ऐकू आला. हळूहळू विहिरीचं तोंड मोठं होत गेलं, बाटली जवळ आली, तिचा चेहरा आला, घामानं भिजलेला.

"वायगाव," म्हणलं मी.

"ते मागं गेलं काका," ती म्हणे. अन् आता हसत हसत रडे.

वर्ध्याच्या दवाखान्याच्या फाटकात गाडी वळली तं बाहेरून पुंडलिकचा आवाज आला, "कोण बे चालवते? क्लच मारून टाकला!" मंग त्यानं आत डोकावून मले पाह्यलं. माहा हात धरून स्ट्रेचरच्या संगं दरवाज्यापर्यंत आला.

मोठे डॉक्टर जित्ते, पडद्याबाहेर, पायऱ्यावर उभे होते. पहिले त्याईनं माही नाडी पाह्यली, मंग मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला.

बारा दिवस पडून राह्यलो. सुया किती टोचल्या त्याची मोजदाद सोडून देली. निघाच्या दिवशी स्वाती मॅडम भेटाले आल्या. मी विचारलं, "मॅडम, वायगावले तुमाले कसं समजलं, मी नाटक नाई करून राह्यलो?"

"मनगट माझ्या हातातच होतं," त्या म्हणे. "पण त्याच्याही आधी समजलं. नाटक करताना तुम्ही एक डोळा किलकिला ठेवता, हसतंय का कुणी ते पाहायला. तेव्हा दोन्ही बंद होते."

अठरा वर्षांत माह्या घरचीलेही हे समजलं नव्हतं, असं मले वाटे.

किल्ली परत भेटली नाई. भेटणार नव्हतीच. फाटकापाशी पुंडलिकनं न सांगता दुसरा स्टूल आणून ठेवलता. मी त्यावर बसून पाह्यलं. ज्या स्टुलाले इतकी वर्षं भ्यालो, तो नुसता लाकडाचा होता, एक पाय जरासा लंगडा. एक गाडी आत आली. पुंडलिक म्हणे, "सांग." मी कान देला. "स्प्रिंगचा पाटा तुटला," म्हणलं. तो म्हणे, "जमन तुले." मोहझरीतून मॅडम पडद्यावर कधी बोलल्या तं पहिले विचारते, "फाटकापाशी काका आहेत का?" असं चपराशी सांगते. कदाचित माहं मन राखाले सांगत असन.

त्या निघाच्या दिवशी घरी एसटी बसनं गेलो. खिडकीची जागा मले देली घरचीनं. इतक्या वर्षांत मी हा रस्ता कधी पाह्यलाच नव्हता, चालवलाच होता. वावरं उघडी होती, ऊन होतं, अन् प्रत्येक गड्ड्यावर माहा हात आपोआप छातीवर जाये. भेव गेलं नाई. डॉक्टर म्हणे जाईन हळूहळू. मले वाटते, ते आता संगंच राहीन. गाडीत बसलेल्या माणसाले असते तेवढं भेव मले पहिल्यांदा समजलं. अठरा वर्षं माह्या मागं आडवे पडलेले लोक काय पाहत होते, तेही समजलं. मी तेव्हा पुढं बसून गाणे म्हणो.

घरचीचा डोळा लागलता. बारा दिवस ती बाकावर झोपलती. धाम नदीच्या पुलावर गाडी चढली तशी ती दचकून उठली अन् माहा दंड धरून म्हणे, "अवो, कुठं आलो?"

जिभेवर मुंबई आलं, दिल्ली आलं, स्वर्गही आला. सारे गिळले.

"पवनार," म्हणलं. "घरी."

तिनं माह्या दोन्ही डोळ्यांकडे वाकून पाह्यलं, एकदा इकडं, एकदा तिकडं. मंग थैली उचलली अन् उतराले उभी राह्यली.